उधारीची वही मला स्वतः ऐकायची आहे. एनव्हीडीए कुठून शिकायला घेऊ?

दुधनाकाठ (सेलू, परभणी)
4 जुलै, रात्री 9:40

रामराम मंडळी.

माझं वय 52. सेलू तालुक्यात आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मला काचबिंदू झाला. त्यात नजर कडेनं मिटत येते, म्हणून बरीच वर्षं मला पत्ताच लागला नाही. शेजारून माणूस गेला तर दिसायचा नाही, पण समोरची वही स्वच्छ दिसायची. उजवा डोळा 2019 ला गेला, डावा गेल्या दिवाळीनंतर. आता खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढंच उजेडावरून कळतं.

दुकान चालू आहे. पोतं हाताला कळतं. डीएपीचं 50 किलोचं, युरियाचं 45 किलोचं, जरा हलवलं की फरक समजतो. अडलंय ते वहीपाशी. आमच्याकडं पेरणीला माल उधारीवर जातो आणि सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीला हिशेब होतो. सव्वादोनशे खाती आहेत. तीस वर्षं ती वही मी माझ्या हातानं लिहिली. आता दुकानातला पोरगा लिहितो. पोरगा इमानदार आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एखादा शेतकरी काउंटरपाशी येऊन हळूच विचारतो, "भाऊ, माझ्याकडं किती झाले?" मला पोराला हाक मारावी लागते, तो वही काढून मोठ्यानं वाचतो आणि दुकानात उभ्या चार माणसांना त्याची बाकी कळते. मागच्या महिन्यात एक म्हातारे गिऱ्हाईक असंच विचारून गेले. पोरानं आकडा वाचला आणि ते बोलायचेच थांबले. नुसत्या चपलांचा आवाज आला, बाहेर जातानाचा. त्या रात्री मला झोप नाही लागली. माणसाची उधारी त्याच्या आणि माझ्यातली गोष्ट आहे, ती चारचौघांत कशाला?

पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. त्यानं मे महिन्यात घरचा जुना डेस्कटॉप नीट करून त्यात एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. दोन दिवस शिकवलं, रजा संपली, गेला. तालुक्याच्या एका कॉम्प्युटर क्लासला जाऊन विचारलं. ते म्हणाले, "काका, दिसत नाही तर माउस कसा धरणार?" पाय मागं घेतला.

आता काय होतंय ते सांगतो, कारण नेमकं काय चुकतंय हे मला नावानिशी सांगता येत नाही.

आतली बाई इंग्रजीत एवढी भराभर बोलते की शब्द सुटा ऐकू येत नाही. आणि मराठी आलं की एकदम गप्प. एका फाइलला पुतण्यानं मराठी नाव दिलंय, त्यावर गेलो की नुसती शांतता.

दुसरं. कीबोर्डच्या उजव्या कडेला आकड्यांचा जो चौकोन असतो, त्यावर 2400 दाबायला गेलो, तर एकही आकडा उमटला नाही. उलट ती भलतीच कुठली तरी अक्षरं वाचून दाखवायला लागली.

तिसरं. परवा काय दाबलं गेलं माहीत नाही, बोलणंच बंद झालं. नुसतं टिकटिक, टिकटिक. दोन तास तसाच बसलो. पोरानं येऊन बंद करून चालू केलं तेव्हा आवाज आला.

चौथं. बाजारभावाच्या एका पानावर गावाचं नाव टाकायची चौकट सापडली. तिथं इंग्रजीत "सेलू" लिहायला गेलो. एस दाबलं तर म्हणाली "नो नेक्स्ट सेपरेटर". ई दाबलं, "नो नेक्स्ट एडिट फील्ड". एल दाबलं तर कुठल्याशा यादीत नेलं, यू दाबलं तर कुठल्या लिंकवर गेली देवाला ठाऊक. चार अक्षरं लिहिली आणि चौकटच हरवली.

या वयात जमेल का, असं मी विचारत नाही. करायचंच आहे, दिवाळीच्या आत. फक्त सुरुवात कशापासून आणि कोणत्या क्रमानं, ते जाणत्यांनी सांगावं. हे सगळं फोनवर बोलून लिहिलंय, जोडाक्षरं पुतणीनं सरळ केली.

---

आसनेकाठचा (नांदेड)
4 जुलै, रात्री 11:15

दादा, नमस्कार. तुमचं दोनदा ऐकलं. मी जन्मापासून दृष्टिहीन, नांदेडला बँकेत नोकरी करतो. दिवसभर याच आवाजाच्या जोरावर माझं काम चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. तुमच्या चारपैकी एकाही ठिकाणी तुमच्या हातून मोडतोड झालेली नाही. चारही वेळा कॉम्प्युटरनं त्याला शिकवलंय तसंच केलं, फक्त त्याचा नियम तुम्हाला कोणी सांगितलेला नव्हता.

टिकटिक म्हणजे इन्सर्ट+एस. बोलणं, गप्प राहणं, नुसती टिकटिक असे एनव्हीडीएचे प्रकार आहेत आणि ती जोडी दाबली की तो एकातून दुसऱ्यात जातो. पुन्हा असं झालं तर इन्सर्ट धरून एस दाबा, थोडं थांबा, पुन्हा दाबा. "टॉक" ऐकू आलं की झालं. मशीन बंद करायची गरज नाही.

आकड्यांचा चौकोन. त्याच्यावर नम लॉक नावाची कळ असते. ती बंद असली की तो चौकोन लिहिण्याचा राहत नाही, वाचण्याचा होतो. 8 म्हणजे ही ओळ, 7 मागची, 9 पुढची. 5 म्हणजे हा शब्द, 4 आणि 6 मागचा-पुढचा. 2 म्हणजे हे अक्षर, 1 आणि 3 मागचं-पुढचं. तुम्ही 2 दाबलं, त्यानं अक्षर वाचलं. 4 दाबलं, मागचा शब्द वाचला. नम लॉक दाबलं की तो "ऑन" किंवा "ऑफ" बोलतो, तेवढं ऐका आणि मग आकडे मारा. चौकोनाच्या मधल्या 5 वर एक बारीक उंचवटा आहे, तो बोटाला सापडला की बाकीचे आपोआप सापडतात. एक ध्यानात ठेवा: नम लॉक चालू असताना चौकोनातलं इन्सर्ट हे शून्य होतं. म्हणून एनव्हीडीएच्या जोड्यांसाठी होमच्या शेजारचं इन्सर्ट वापरायची सवय लावा.

बाजारभावाचं पान. पान वाचताना एनव्हीडीए प्रत्येक अक्षराकडं हुकूम म्हणून बघतो. एच म्हणजे पुढचं शीर्षक, के म्हणजे लिंक, बी म्हणजे बटण, टी म्हणजे तक्ता, ई म्हणजे लिहायची चौकट. तुम्ही "सेलू" लिहीत होता आणि तो चार हुकूम ऐकत होता. चौकटीवर आलात की एंटर दाबा किंवा इन्सर्ट+स्पेस. एक वेगळा खटका ऐकू येईल. मग लिहा. लिहून झालं की एस्केप, दुसरा आवाज येईल आणि तुम्ही परत वाचण्यात. हे दोन आवाज कानात बसले की वेबसाइटचं निम्मं भय जातं.

बाईचा आवाज. इन्सर्ट+कंट्रोल+एस दाबा, आवाजाच्या इंजिनांची यादी येते. खाली बाणानं ईस्पीक एनजी निवडून एंटर. मग इन्सर्ट+कंट्रोल+व्ही, तिथं व्हॉइसमध्ये मराठी, आणि टॅब करत रेटवर येऊन तो 30 च्या आसपास आणा. ईस्पीकचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, पहिले दोन दिवस नको वाटेल. पण तो मराठी वाचतो, इंग्रजी वाचतो, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर अडखळत नाही. बोलणं मधेच थांबवायचं तर नुसतं कंट्रोल दाबा.

आता क्रम. मी 2008 ला शिकलो तेव्हा जॉज हे असंच वाचून दाखवणारं विकतचं सॉफ्टवेअर होतं आणि माझ्याकडं त्याची नमुना प्रत. 40 मिनिटं झाली की ती थांबायची, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागायचा. त्यामुळे 40 मिनिटांत एकच गोष्ट धरायची सवय लागली. तुम्हाला ती अडचण नाही. एनव्हीडीए 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं सुरू केलं, पुढं जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, तोही दृष्टिहीन. पैशावाचून कोणाचं अडू नये म्हणूनच त्यांनी ते मोफत ठेवलं. तरी माझी सवय तुम्हीही लावा: एका बैठकीला एकच गोष्ट.

पहिले आठ दिवस फक्त कीबोर्ड. इन्सर्ट+1 दाबलं की कळांची ओळख सुरू होते. मग कोणतीही कळ दाबा, तो नुसतं तिचं नाव सांगतो, करत काहीच नाही. तिथं बिनधास्त सगळीकडं हात फिरवा. एफ आणि जे वर उंचवटे आहेत, दोन तर्जन्या तिथं ठेवायच्या आणि फिरून तिथंच यायचं. पुन्हा इन्सर्ट+1 दाबलं की ओळख बंद.

नंतर तीनच जोड्या, पाठ होईपर्यंत. इन्सर्ट+टी: मी कोणत्या खिडकीत आहे. इन्सर्ट+टॅब: मी नेमका कशावर आहे. इन्सर्ट+वरचा बाण: या ओळीत काय आहे. आपण एसटीत बसलो की कंडक्टरला विचारतो ना, "कोणतं गाव आलं?" तसं. दिसणारा माणूस खिडकीतून बघतो, आपण विचारतो. नवशिका हरवतो तो विचारायचं ठाऊक नसल्यामुळे. तुमचे ते दोन तास इन्सर्ट+एसनं वाचले असते आणि बाजारभावाच्या पानावरचा घोटाळा इन्सर्ट+टॅबनं.

त्यानंतर नोटपॅडमध्ये रोज दहा ओळी. मग एक्सेल. इंटरनेट सगळ्यात शेवटी, कारण तिथं प्रत्येकाचं पान वेगळं आणि वाकडं.

क्लासवाल्यांचं ऐकून वाईट वाटलं. माउस आपल्याला लागतच नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. पण परत पाठवणं बरोबर नव्हतं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, आणि 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. पुढच्या वेळी हे सांगून बसा.

---

मांजरथडी (लातूर)
5 जुलै, सकाळी 7:05

भाऊ, मला दिसतं. माझ्या मिस्टरांना मधुमेहानं सहा वर्षांपूर्वी दिसेनासं झालं, ते घरी बसून शिकवण्या घेतात आणि सगळं एनव्हीडीएवर करतात. म्हणून घरच्यांच्या बाजूचं थोडं लिहिते, ते तुमच्या पुतणीला आणि दुकानातल्या पोराला ऐकवा.

माउसला हात लावू नका. आम्ही हेच चुकलो. ते अडकले की मी पटकन माउस धरायचे, क्लिक करायचे आणि "झालं" म्हणायचे. काम व्हायचं, पण ते कुठं होते आणि कुठं पोचले हे त्यांना कळायचं नाही. एक दिवस ते शांतपणे म्हणाले, "तू माझ्या हातातली काठी ओढून मला पुढं नेतेस." तेव्हापासून मी माउस काढून कपाटात ठेवला. आता ते विचारतात, मी फक्त तोंडानं सांगते, "टॅब करा, अजून एकदा." वेळ लागतो, लागू द्यावा.

कळा ओळखायला आम्ही एम-सील वापरलं. मोहरीएवढा ठिपका इन्सर्टवर, एक एस्केपवर, एक एफ 5 वर. रात्रभर वाळू द्या. आधी टिकल्या लावून बघितल्या, घामानं दोन दिवसांत सुटल्या.

मॉनिटर बंद ठेवा. तो लागत नाही, आणि लाइट गेली तर यूपीएस जास्त वेळ टिकतो. आमच्याकडं पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तुमच्याकडंही नसणारच. दर दोन-तीन नोंदींनी कंट्रोल+एस. आणि एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये साइन इन झाल्यावर आपोआप सुरू व्हायची खूण करून घ्या, म्हणजे लाइट आल्यावर कोणाला हाक मारायला नको.

आणि एका कानात इअरफोन घाला, एकाच. दुसरा कान गिऱ्हाइकाला मोकळा. तुम्ही त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं लिहिलंत ना, त्यावर रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोलत होतो.

---

दुधनाकाठ (सेलू, परभणी)
13 जुलै, रात्री 10:20

ताई, एका कानाचं मला सुचलंच नव्हतं. पुतणीला तुमचं सगळं वाचायला लावलं, ती म्हणाली, "मी परवाच माउस ओढला होता." ठिपके लावले. मोहरीपेक्षा थोडे मोठे झालेत, पण बोट बरोबर थांबतं.

नांदेडचे दादा, आठ दिवस इन्सर्ट+1 शिवाय काही केलं नाही. दुकान मिटल्यावर अर्धा तास. आता एफ, जे आणि 5 झोपेतही सापडतील. इन्सर्ट+एस मुद्दाम दाबून टिकटिक केली आणि मुद्दाम परत बोलतं केलं, चार-पाच वेळा. भय गेलं. ईस्पीकचा आवाज पहिल्या दिवशी खरंच कानाला टोचला. पण त्यानं फाइलचं नाव वाचलं, "उधारी". तेच पुतण्यानं दिलेलं नाव. दीड महिना त्या फाइलवर शांतता होती.

आता अडलोय मराठी लिहिण्यात. नावं मराठीतच पाहिजेत. इंग्रजीत लिहिलेली नावं ईस्पीक अशी वाचतो की माणूस ओळखू येत नाही. पोरगा म्हणतो, दुकानाच्या पावत्या ज्या फॉन्टमध्ये छापल्यात त्यातच लिहा. ते उघडून ऐकलं तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो. आणि एक्सेलमध्ये खाली-खाली गेलो की आकडा ऐकू येतो, पण तो कोणाचा, हेच विसरायला होतं.

---

मुकुंदराजांच्या गावची (अंबाजोगाई, बीड)
14 जुलै, दुपारी 3:30

दादा, मी कॉलेजात मराठी शिकवते. दृष्टिहीन आहे. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचे, त्यामुळे लांबेल.

पावतीचा फॉन्ट हा जुन्या पद्धतीचा आहे. त्यात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा अंगरखा घालतो. डोळ्यांना मराठी दिसतं, एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मात्र अंगरख्याच्या आतलं वाचतो. तुम्ही ऐकलात तो कचरा म्हणजे ते आतलं. क्रुती देव, शिवाजी, हे सगळे त्यातलेच. माझ्याकडं आजही विद्यार्थी अशा फॉन्टमधले निबंध पाठवतात आणि मला ते परत पाठवावे लागतात. पोराला सांगा, युनिकोडशिवाय लिहायचं नाही. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवला जातो, मग तो फोनवर, बँकेत, माझ्या कॉम्प्युटरवर, कुठंही क च राहतो.

विंडोजमध्ये मराठी भाषा टाकून घ्या, तिच्याबरोबर इनस्क्रिप्ट कीबोर्ड येतो. विंडोज+स्पेसनं इंग्रजी-मराठी बदलतं आणि एनव्हीडीए बदललेली भाषा बोलून दाखवतो. लोक म्हणतील, इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारं काहीतरी घ्या. घेऊ नका. तिथं शब्दांचे पर्याय येतात, ते ऐकून निवडत बसावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये एका कळेला एक अक्षर, दाबलं ते उमटलं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि लिहायचं बोलतो त्या क्रमानं. कागदावर पहिली वेलांटी आधी काढतो, इथं ती व्यंजनानंतर येते, जशी तोंडातून येते.

तुमची बोटं एफ आणि जे वर आहेत ना? जे म्हणजे र. एफ म्हणजे पहिली वेलांटी. के म्हणजे क. एम म्हणजे स, व्ही म्हणजे न. आता के, एफ, एम, व्ही दाबा. "किसन" झाला. सी म्हणजे म, ई म्हणजे काना. जे, ई, सी: "राम". जोडाक्षराला डी, म्हणजे पाय मोडायचा. विठ्ठल लिहायला ठ, मग डी, मग पुन्हा ठ. ट ही एंटरच्या डाव्या बाजूची लगतची कळ, शिफ्ट धरलं की ठ. रोज पाच गिऱ्हाइकांची नावं लिहा, दुसरा कोणताही धडा नको. इन्सर्ट+2 नं लिहिलेलं अक्षर बोलणं चालू-बंद होतं, इन्सर्ट+3 नं शब्द. पहिला महिना दोन्ही चालू ठेवा.

आता एक्सेल. ए मध्ये नाव, बी मध्ये गाव, सी मध्ये उधार, डी मध्ये जमा, ई मध्ये बाकी. पहिल्या ओळीत हे पाच मथळे. मग कंट्रोल+होम दाबून ए 1 वर या आणि इन्सर्ट+शिफ्ट+सी दाबा. एनव्हीडीएला कळतं की मथळे या ओळीत आहेत. खाली एक ओळ जाऊन ए 2 वर इन्सर्ट+शिफ्ट+आर दाबा. आता प्रत्येक ओळीची ओळख म्हणजे तिच्यातलं नाव. फाइल जतन केली की हे तिच्यातच राहतं, रोज करावं लागत नाही.

यानं काय होतं ते ऐका. आधी तुम्ही ई रकान्यात खाली गेलात की "2400, ई 14" एवढंच यायचं. आता आधी त्या ओळीचं नाव येईल, मग आकडा. आणि आडवे गेलात की "उधार", "जमा", "बाकी" हे शब्द आकड्याच्या आधी येतील. तुमचं विसरणं तिथं संपतं.

"बाकी" या रकान्यात बरोबरचं चिन्ह, सी 2, वजा, डी 2. सूत्र लिहिताना कीबोर्ड इंग्रजीत ठेवा. लिहिलेलं सुधारायचं असेल तर एफ 2, नाहीतर जुनं पुसून नवं बसतं, ही चूक सगळ्यांकडून एकदा होते. झालीच तर लगेच कंट्रोल+झेड.

नाव शोधायला कंट्रोल+एफ, नाव लिहा, एंटर, एस्केप. मग उजवा बाण चार वेळा, बाकी. एकाच नावाची दोन खाती असतील तर पहिल्या उजव्या बाणाला गाव ऐकू येतं, म्हणूनच ते दुसऱ्या रकान्यात ठेवायला सांगितलं.

हे हिशेबाचं झालं. हात बसला की सुगम्य पुस्तकालय बघा, 2016 पासून सुरू असलेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, आपल्यासारख्यांना वाचता येतील अशी पुस्तकं तिथं मिळतात. वही लिहिणारा माणूस वाचणाराही असतो असं मला उगाच वाटतंय.

---

आसनेकाठचा (नांदेड)
14 जुलै, रात्री 9:00

ताईंनी एवढं नीट सांगितलंय की मला भर घालायला जागा नाही. एवढंच: सव्वादोनशे खाती एकदम पोराकडून टाइप करून घेऊ नका. घेतलीत तर दिवाळीला तुम्ही परत त्याच्या वहीचे ऐकणारे. रोज दहा नावं स्वतः टाका, आकडे तो वाचेल. तेवीस दिवसांचं काम आहे. आणि फाइलची एक प्रत दर रविवारी पेन ड्राइव्हवर.

---

दुधनाकाठ (सेलू, परभणी)
19 ऑगस्ट, रात्री 8:45

तेवीस दिवस लागले नाहीत, तीस लागले. मधे चार दिवस लाइट नव्हती आणि दोन दिवस मी ताप येऊन पडलो होतो. 218 खाती, सगळी माझ्या बोटांनी. एकदा एफ 2 न दाबता एका खात्यावर लिहिलं आणि जुना आकडा गेला. कंट्रोल+झेडनं परत आला. ताई, तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून हात कापले नाहीत.

एक नाव मला फार वेळ जमेना, ज्ञानोबा. ज्ञ साठी मी ज, डी, ञ असं करत बसलो होतो. पुतणीनं शोधून दिलं की शिफ्ट आणि वरच्या ओळीतला 5 दाबला की अख्खा ज्ञ येतो. आमच्या गावात ज्ञानोबा सहा आहेत.

आज दुपारी ते म्हातारे आले. फवारणीचं औषध पाहिजे होतं. दुकानात तिघं-चौघं होते. औषध बांधून होईतो ते काउंटरला टेकून उभे होते, बोलत नव्हते. मीच कंट्रोल+एफ केलं. इअरफोन उजव्या कानात होता. नाव लिहिलं, एंटर, एस्केप, उजवा बाण, गाव ऐकलं, बरोबर होतं. अजून तीन बाण. मी काउंटरवरून पुढं वाकलो आणि त्यांना हळूच आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, वही तर उघडलीच नाही?" मी म्हटलं, वही कानात आहे. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग माझा हात चाचपून त्यात पाचशेची एक नोट ठेवली आणि म्हणाले, "एवढे लिहून घ्या." डी रकान्यात गेलो, एफ 2 दाबलं आणि लिहून घेतले. लगेच टॅब मारून नवी बाकी ऐकली आणि तीही त्यांना सांगितली.

आता पुढचा प्रश्न. दसऱ्याला ज्यांच्याकडं बाकी आहे तेवढीच नावं मला सलग ऐकायची आहेत, फिटलेली खाती मधे यायला नकोत. हे जमतं का?

---

आसनेकाठचा (नांदेड)
19 ऑगस्ट, रात्री 9:10

जमतं, दादा. पहिल्या ओळीवर या, कंट्रोल+शिफ्ट+एल दाबा. मग "बाकी" या मथळ्यावर ऑल्ट+खालचा बाण, आणि यादीत खाली जात शून्याची खूण काढा, एंटर. काढताना स्पेस दाबायचं आणि तो काय बोलतो ते प्रत्येक वेळी ऐकायचं. रविवारी प्रत काढल्यावरच करून बघा. अडलं तर जिथं असाल तिथून इन्सर्ट+टॅब दाबा आणि तो काय म्हणाला ते शब्दशः इथं लिहा.